दुसरी उडी

शाळेत असताना पी.टी.च्या सरांनी आम्हाला एक व्हिडिओ दाखवला होता. ‘जिद्द कशाला म्हणतात ते बघा,’ असं म्हणून.

२३ जुलै १९९६, अटलांटा ऑलिम्पिक. अठरा वर्षांची केरी स्ट्रग व्हॉल्टच्या पहिल्या उडीत पडते. घोटा दुखावलाय, ती लंगडतेय. कडेने कोच बेला कॅरोली ओरडतायत, ‘यू कॅन डू इट!’ ती पुन्हा धावते, उडी मारते, दोन्ही पायांवर उतरते, दुखरा पाय पटकन उचलून घेते, परीक्षकांना अभिवादन करते आणि गुडघ्यांवर कोसळते. पुढे कॅरोली तिला लहान मुलीसारखं उचलून पदक घ्यायला नेतात.

आम्ही जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

पुष्कळ वर्षांनी कळलं, की अमेरिकेने ते सुवर्णपदक रशियापेक्षा ०.८२१ गुण जास्त मिळवून जिंकलं. स्ट्रगची दुसरी उडी धरली नसती तरी पदक त्यांचंच होतं. अर्थात त्या क्षणी हे कुणाला माहीत नव्हतं. उडी मारायचा निर्णय माझाच होता, असं स्ट्रगनेही सांगितलंय. तिच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण ती ‘नाही’ म्हणाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

उत्तर शोधत मी मागे मागे गेलो. एके काळी या खेळात मोठ्या बायका जिंकायच्या. १९६८ मध्ये ऑलिम्पिक गाजवणारी वेरा चास्लावस्का २६ वर्षांची होती. मग १९७६ साली माँट्रियलमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने १० पैकी १० गुण मिळवले. गुणफलकावर तेवढा आकडा मावेना, म्हणून तिथे १.०० दिसलं! त्यानंतर हलकी, लवचिक, छोटी मुलगी हाच जिम्नॅस्टचा साचा झाला. लहान मुलीचा आणखी एक गुण असा, की ती उलटून बोलत नाही.

नादियाचे कोच होते बेला आणि मार्ता कॅरोली. त्यांच्या तालमीत काय चालायचं, हे रोमानियाच्या गुप्त पोलिसांना ठाऊक होतं. इतिहासकार स्तेजारेल ओलारू यांनी त्या फायली धुंडाळून २०२१ मध्ये पुस्तक लिहिलं. मारहाण, उपाशी ठेवणं, अपमान, सगळ्याच्या नोंदी त्यांत सापडतात. म्हणजे सरकारने सगळं लिहून ठेवलं आणि कपाट बंद केलं. पदकं येत होती ना!

१९८१ मध्ये कॅरोली दांपत्य अमेरिकेत पळून आलं. कम्युनिस्ट देश मुलींना यंत्रासारखं राबवतात, असं म्हणणाऱ्या अमेरिकेने त्यांना डोक्यावर घेतलं. १९८४ मध्ये मेरी लू रेटनने सुवर्ण जिंकलं आणि उरलेसुरले प्रश्न मिटले.

अटलांटाच्या आदल्याच वर्षी, १९९५ मध्ये, पत्रकार जोन रायन यांनी या खेळातल्या मुलींच्या हालांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. क्रिस्टी हेनरिक वजन कमी करण्याच्या ध्यासात खाण्याच्या आजाराने १९९४ मध्ये गेली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. म्हणजे सगळं छापून आलेलं असताना जगाने ती दुसरी उडी पाहिली आणि टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी स्ट्रगपाशी धावून आलेल्यांत संघाच्या वैद्यकीय पथकातला लॅरी नासर होता. कोचना घाबरणाऱ्या, कायम भुकेल्या मुलींना तो गुपचूप खाऊ द्यायचा आणि उपचाराच्या नावाखाली त्यांचं लैंगिक शोषण करायचा. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात सात दिवस १५६ निवेदनं झाली. त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली.

नासर तुरुंगात गेला, पण ज्या भीतीच्या आडोशाने तो वाढला तिचं काय? तिला कुठलंच कलम लागत नाही. दुखापतीवर सराव करायला लावणं, वजनावरून सगळ्यांसमोर बोलणं, याला आपण ‘कडक शिस्त’ म्हणतो. कॅरोलींच्या वागण्याबद्दल त्यांची शिष्या डॉमिनिक मोचानू २००८ मध्ये जाहीरपणे बोलली, तेव्हा तिलाच बाजूला सारलं गेलं. कॅरोलींनी आरोप नाकारले, त्यांच्यावर कधी फौजदारी खटला झाला नाही. २०२४ मध्ये बेला वारले.

बदल होतोय, पण धिम्या गतीने. २०२० मध्ये मॅगी हेनी या अमेरिकन कोचला मुलींच्या मानसिक छळाबद्दल आठ वर्षांची बंदी आली. पुढे ती पाचवर आणली गेली. ब्रिटनमध्ये ॲन व्हाइट यांच्या चौकशीपुढे चारशेहून अधिक लोकांनी आपलं म्हणणं मांडलं. २०२२ च्या त्या अहवालात मुलांना खाणं, पाणी, अगदी शौचालयसुद्धा नाकारल्याची वर्णनं आहेत. एक गोष्ट मला यातून पटली. ज्या संघटनेला पदक हवंय, तिच्याच हातात कोचची चौकशी ठेवली, तर ती फाइल पुन्हा कपाटातच जाणार.

२७ जुलै २०२१. टोकियोमध्ये एका व्हॉल्टनंतर सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. हवेत असताना शरीराचा अंदाज येत नाही, असं सांगून. लोकांनी तिला भित्री म्हटलं. तेव्हा मोचानूने स्वतःचा एक जुना व्हिडिओ टाकला. अटलांटा, बॅलन्स बीम, चौदा वर्षांची ती डोक्यावर पडते आणि उठून पुन्हा बीमवर चढते. मानेची तपासणी कुणीच केली नव्हती, असं तिने लिहिलं.

मी तो बघितला आणि मग स्ट्रगचा पुन्हा लावला. या वेळी मी तिच्याकडे बघत नव्हतो. कडेला उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे बघत होतो. त्यांच्यातला एकही जण तिला थांबवायला पुढे येत नाही.