त्रिशंकू आणि क्रूस

मे महिन्याच्या मध्यास, पावसाचे ढग जमण्यापूर्वी, रात्री नऊच्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे दृष्टी टाकावी. क्षितिजापासून थोडे वर चार तारे क्रूसाच्या आकारात उभे दिसतात. पायथ्याचा तारा येथून दहा अंशांपलीकडे चढत नाही. हवा धूसर असली की तो दिसेनासा होतो. मराठीत यास आपण त्रिशंकू म्हणतो. ताऱ्यांच्या नकाशांत त्याचे नाव दक्षिण क्रूस.

पोर्तुगीज खलाशांनी हे तारे शोधून काढले असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नव्हे. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातच त्यांची नोंद केली होती. मात्र नरतुरंगाच्या पायांतील तारे म्हणून. पुढे अयनचलनामुळे ते दक्षिणेकडे सरकत गेले आणि युरोपच्या दृष्टीआड झाले. ख्रिस्ताच्या मरणसमयी ते जेरुसलेमच्या आकाशातून नाहीसे झाले, ही आख्यायिका भाविक खरी, पण गणितास मान्य होणारी नाही. त्यानंतरही कित्येक शतके ते तेथे उगवत होते.

क्रूस हे नाव त्यांना समुद्रप्रवाशांनी दिले. काब्रालच्या ताफ्यातील मेस्त्रे जुआंव याने १ मे १५०० रोजी ब्राझीलहून राजा मानुएल यास पत्र धाडले, त्यात या ताऱ्यांची आकृती आहे. तोच ताफा पुढे कालिकतला पोहोचला. नंतर फ्लॉरेन्सच्या आंद्रेआ कोर्सालीने आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरील कोचीनहून लिहिलेल्या पत्रात या क्रूसाचे मोठ्या कौतुकाने वर्णन केले. ते पत्र १५१६ साली छापले गेले. दक्षिणेस ध्रुवतारा नाही. क्रूसाचा उभा दांडा साडेचार पट खाली वाढविला की दक्षिण ध्रुवबिंदू सापडतो, हा खलाशांचा खरा लाभ.

नकाशाकारांनी मात्र घाई केली नाही. प्लान्सियसने १५९८ च्या खगोलावर क्रूस स्वतंत्र दाखविला. बायरने १६०३ च्या नकाशासंग्रहात तो नरतुरंगाच्या पायांवरच रेखाटला. १९३० साली सर्व तारकासमूहांच्या सीमा ठरल्या, तेव्हा अठ्ठ्याऐंशींत हा सर्वांत लहान निघाला.

मग त्रिशंकू म्हणताना आपण संकोचावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. रामायणात विश्वामित्राने त्या राजास दक्षिण आकाशात खाली डोके करून स्थिर केले, एवढेच आहे. तारे कोणते, हे नंतरच्यांनी ठरविले. परंतु या चौघांत सर्वांत तेजस्वी तारा तळाचा आहे. क्रूसाचा जो पायथा, तेच त्रिशंकूचे मस्तक.