मनकवडे गावकुसाबाहेर

आजचा विषय ऐकून काही जणांना प्रश्न पडला असेल, की कथा-कादंबऱ्यांचा आणि इतिहासाचा काय संबंध? आणि त्यातून या कादंबऱ्या तरी कसल्या! जगबुडी होऊन गेली आहे, थोडीफार माणसं उरली आहेत, आणि त्यांतल्या काहींना दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं किंवा नुसत्या मनाच्या जोरावर जमीन हलवता येते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला अशा गोष्टींचा मोठा उपयोग असतो. एखादा समाज कोणाला घाबरतो, कोणाला बाहेर काढतो आणि बाहेर काढताना स्वतःची समजूत कशी घालतो, हे पुष्कळदा सरकारी दप्तरापेक्षा त्याच्या करमणुकीत जास्त स्पष्ट दिसतं.

आपल्याला पोचायचं आहे ते अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिन यांच्या 'द ब्रोकन अर्थ' या मालिकेपर्यंत. तिच्यात तीन कादंबऱ्या आहेत: 'द फिफ्थ सीझन' (२०१५), 'द ओबेलिस्क गेट' (२०१६) आणि 'द स्टोन स्काय' (२०१७). विज्ञानकथा आणि अद्भुतकथेच्या क्षेत्रात मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार या तिन्हींना लागोपाठ तीन वर्षं मिळाला. असं त्याआधी कोणाच्याही बाबतीत झालं नव्हतं. पण या मालिकेमागे पाऊणशे वर्षांची वाट आहे. ती वाट आधी चालून बघू.

सुरुवात करू १९४० पासून. अमेरिकेत तेव्हा 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' नावाचं मासिक निघत होतं. संपादक होता जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत त्यात ए. ई. व्हॅन व्होग्टची 'स्लॅन' ही कादंबरी क्रमशः आली. स्लॅन म्हणजे मनकवड्यांची एक वेगळी मानवजात. ते जास्त हुशार, जास्त ताकदवान, आणि सरकार त्यांना दिसेल तिथे मारत सुटलेलं. नायक जॉमी क्रॉस नऊ वर्षांचा आहे. त्याची आई पहिल्याच प्रकरणात मारली जाते.

आता ही गोष्ट वाचकांनी कशी घेतली ते बघा. विज्ञानकथांच्या चाहत्यांत 'फॅन्स आर स्लॅन्स' अशी घोषणाच रूढ झाली. चाहते म्हणजेच स्लॅन. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावात १९४३ मध्ये काही चाहत्यांनी एकत्र राहायला घर घेतलं, त्याचं नाव पडलं 'स्लॅन शॅक'. वर्गात एकटी पडणारी, पुस्तकांत डोकं खुपसून बसणारी ही मुलं. त्यांना गोष्टीतून दिलासा मिळाला, की लोक आपल्याला टाळतात कारण आपण त्यांच्यापेक्षा वरचढ आहोत. दिलासा खरा होता, तो आपण हसण्यावारी नेऊ नये. पण त्यात एक खोच आहे. इथला बहिष्कृत हा उद्याचा राजा आहे. त्याच्यावरचा अन्याय म्हणजे राज्याभिषेक लांबणीवर पडणं, एवढंच.

मनकवडेपणा त्या काळात केवळ कल्पनेतला राहिला नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. ड्यूक विद्यापीठातले जे. बी. ऱ्हाइन पंचवीस पत्त्यांचा संच घेऊन अतींद्रिय ज्ञानाचे प्रयोग करत होते, आणि १९३४ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं होतं. पुढे इतरांना तसे निकाल काही मिळाले नाहीत. पण विषयाला प्रयोगशाळेचा शिक्का बसला होता, आणि स्वतः ड्यूकमध्ये शिकलेल्या कॅम्पबेलला त्याचं वेड कायमचं लागलं.

याच मासिकात फेब्रुवारी १९४५ मध्ये 'लुईस पॅजेट' या टोपणनावानं एक कथा छापून आली. हे नाव हेन्री कटनर आणि सी. एल. मूर या लेखक दांपत्याचं. कथेतलं जग अणुयुद्धानंतरचं आहे. तारीख परत एकदा बघा: फेब्रुवारी १९४५. हिरोशिमाला अजून सहा महिने अवकाश आहे! जून आणि जुलैमध्ये पुढच्या दोन कथा आल्या. ६ ऑगस्टला खरा बाँब पडला. चौथी कथा डिसेंबरमध्ये आली, तेव्हा वाचक हिरोशिमा आणि नागासाकी ही नावं शिकून बसला होता. पाचवी कथा १९५३ मध्ये आली आणि त्याच वर्षी सगळ्यांचं मिळून 'म्यूटंट' हे पुस्तक निघालं.

त्या किरणोत्सर्गातून जन्मलेले मनकवडे संपूर्ण टकले असतात, म्हणून लोक त्यांना 'बाल्डी' म्हणतात. ते केसांचे टोप घालून गावात मिसळून राहतात. कटनर-मूर यांनी इथे व्हॅन व्होग्टपेक्षा वेगळा प्रश्न विचारला. जिंकायचं कसं, हा त्यांचा प्रश्न नव्हता. बहुसंख्यांच्या मेहेरबानीवर जगणाऱ्या अल्पसंख्याकानं रोजचा दिवस काढायचा कसा, हा होता. त्या समाजात भांडणं सुऱ्यांच्या द्वंद्वानं मिटवतात. समोरच्याच्या मनातला पुढचा वार बाल्डीला आधीच कळतो, त्यामुळे त्यानं द्वंद्व टाळायचं, अपमान गिळायचा, जास्त पुढे पुढे करायचं नाही. आणि त्यांच्यातलाच एखादा 'आपण राज्य करायला जन्मलो आहोत' असं म्हणायला लागला, तर त्याला आपणच संपवायचं, कारण त्याच्या एका चुकीपायी सगळ्यांच्या घरांना आग लागेल. हा जो म्हणतो ना, की आपण राजे आहोत, तो म्हणजे थोडक्यात 'स्लॅन'चा वाचक. कटनर-मूर यांनी त्याला वेडा ठरवलं. युरोपात ज्यूंचं शिरकाण चालू असताना हे लिहिलं जात होतं, हे विसरून चालणार नाही.

तिसरा थांबा इंग्लंडमध्ये. १९५५, जॉन विंडहॅम, 'द क्रिसलिड्स'. महासंहाराला पिढ्या उलटून गेल्या आहेत आणि कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये कर्मठ शेतकऱ्यांची वस्ती आहे. पीक ठरलेल्या नमुन्यापेक्षा वेगळं उगवलं तर जाळायचं, जनावर वेगळं जन्मलं तर कापायचं, आणि माणूस वेगळा निघाला तर त्याला वांझ करून सीमेपलीकडच्या रानात हाकलायचं. नायक डेव्हिड मनकवडा आहे. पण ते बाहेरून दिसत नाही, म्हणून तो वाचलेला आहे. त्याची लहानपणची मैत्रीण सोफी हिच्या पायांना सहा-सहा बोटं आहेत. ओल्या पावलाचा ठसा एका मुलाला दगडावर दिसतो आणि तिचं सगळं घर उठतं.

आजच्या व्याख्यानात आपल्याला ही सोफी शेवटपर्यंत लागणार आहे, म्हणून तिची गोष्ट पुरी सांगतो. तिला रानात टाकलं जातं. डेव्हिड आणि त्याचे मनकवडे सोबती पळतात, तेव्हा ती त्यांना आसरा देते. पुढे चकमक होते, तीत ती मारली जाते. मग आकाशातून यान येतं. दूरच्या, सुधारलेल्या देशातले मनकवडे आपल्या जातभाईंना न्यायला आलेले असतात. यानातून आलेली बाई पाठलाग करणाऱ्यांना आणि रानातल्यांनाही सरसकट मारते, आणि वर समजावते, की नवी जात आली की जुनीनं जायचंच असतं. डेव्हिड यानात बसतो. सोफी मागे, मातीत.

सोफीकडे शक्ती नव्हती. नुसती सहा बोटं होती. त्या बोटांचा कोणाला उपयोग नव्हता, म्हणून तिला न्यायला कोणी आलं नाही. विंडहॅमला हे खटकत होतं का, यावर वाचक आजही वाद घालतात. आम्हाला वाटतं, या सगळ्या परंपरेला लावायची कसोटी इथेच आहे. बहिष्कृताची कणव आपल्याला येते ती तो माणूस आहे म्हणून, की त्याच्याकडे काहीतरी दैवी आहे म्हणून? शक्ती नसलेल्या सोफीचं काय?

यानंतर १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचे 'एक्स-मेन' आले आणि ही कल्पना घरोघर पोचली. पण कसोटीच्या दृष्टीनं महत्त्वाचं नाव आहे ऑक्टेव्हिया बटलर. कॅलिफोर्नियातली ही कृष्णवर्णीय लेखिका. तिच्या मालिकेतली पहिली कादंबरी 'पॅटर्नमास्टर' १९७६ मध्ये आली. तिथे मनकवडे खरोखरच राज्यावर बसलेले आहेत, म्हणजे स्लॅनचं स्वप्न पुरं झालेलं आहे. आणि शक्ती नसलेली माणसं? ती त्यांची गुलाम आहेत. १९८० च्या 'वाइल्ड सीड'मध्ये बटलर मागे जाऊन दाखवते, की ही जात तयार कशी झाली. डोरो नावाचा एक अमर पुरुष शतकानुशतकं शक्ती असलेली माणसं गोळा करतो आणि जनावरांच्या पैदाशीसारखी त्यांची पैदास करतो. कथेची सुरुवात १६९० मध्ये आफ्रिकेत होते आणि जहाज अमेरिकेकडे निघतं. अमेरिकन वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

आता जेमिसिनकडे येऊ. नावाचा खुलासा आधी करतो. आपल्याकडे ऋतू सहा, त्यामुळे 'पाचवा ऋतू' म्हटल्यावर गोंधळ होईल. तिकडे चारच मोजतात. त्या खंडावर अधूनमधून भूकंप आणि ज्वालामुखींमुळे राखेचा हिवाळा पडतो, कधी काही महिने, कधी कितीतरी वर्षं. तो पाचवा ऋतू. तो आला की प्रत्येक वस्ती वेशी बंद करते आणि कोणाला आत ठेवायचं ते उपयोगावरून ठरतं. ज्याला बाहेर काढलं, तो मेला. गावकुसाबाहेर असणं म्हणजे काय, हे मराठी ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

या जगात काही माणसांना मनानं भूकंप थोपवता येतो, तसाच घडवताही येतो. त्यांना ओरोजीन म्हणतात. शिवी देताना 'रोगा'. गावात असं मूल सापडलं तर जमाव मारतो, नाहीतर 'फल्क्रम' नावाच्या संस्थेचा रखवालदार येऊन घेऊन जातो. तिथे शिस्त आहे, काळे गणवेश आहेत, बोटांत दर्जाच्या अंगठ्या आहेत, आणि मूल कोणाबरोबर जन्माला घालायचं याचे हुकूमही आहेत. ज्या मुलांना शिस्त लागत नाही त्यांचं काय होतं, हे पहिल्या खंडात कळतं. त्यांच्या मेंदूचा भाग निकामी करून त्यांना दूरच्या ठाण्यांवर खुर्चीला जखडून ठेवतात. भूकंप शमवण्याची उपजत क्रिया तेवढी चालू राहते. राजधानीतले रस्ते शाबूत राहतात ते या पोरांमुळे.

इथे पंचाहत्तर वर्षांचा प्रश्न उलटा झाला. 'स्लॅन'मध्ये समाजाला बहिष्कृत नको होता. जेमिसिनच्या समाजाला तो हवाच आहे, त्याच्यावाचून एक दिवस निभत नाही. आणि म्हणूनच तो माणूस नाही असं ठरवणं भाग आहे. तिसऱ्या खंडात तर ती याचं मूळ शोधत हजारो वर्षं मागे जाते. एक साम्राज्य दुसऱ्या लोकांना जिंकतं. जितांची विद्या जेत्यांपेक्षा सरस निघते. मग जितांच्या शरीरात, डोळ्यांत, रक्तात काहीतरी दोष असल्याचे सिद्धांत निघतात. क्रम लक्षात घ्या: आधी लूट, नंतर तिरस्कार. भीतीमुळे अन्याय होतो असं आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या अनेक इतिहासकारांनीही हाच उलटा क्रम मांडला आहे. मळ्यांना मजूर हवे होते. वंशाचं तत्त्वज्ञान त्या मागून रचत नेलं गेलं.

तोच हिशेब एका आईच्या प्रसंगात येतो. रखवालदार दारात आल्यावर ती स्वतःच्या लहान मुलाला मारते, पण त्यांच्या हाती देत नाही. हा प्रसंग हवेतला नाही. १८५६ मध्ये केंटकीहून ओहायो नदी ओलांडून पळालेल्या मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीनं पकडायला माणसं आल्यावर आपल्या मुलीला ठार केलं होतं.

आणि सोफी? दुसऱ्या खंडात त्याचं उत्तर आहे. एका वस्तीत ओरोजीन आणि इतर लोक एकत्र राहत असतात. बाहेर शत्रूची फौज येते आणि म्हणते, तुमच्यातले ओरोजीन सोडा, बाकीच्यांना आम्ही घेऊ. वस्ती मतदान घ्यायचं ठरवते. नायिका एसुन ती मतपेटीच फोडून टाकते. कोण माणूस आहे, यावर मत घ्यायचं नसतं, एवढंच तिचं म्हणणं. आम्ही किती उपयोगी आहोत, आम्ही भूकंप थोपवतो, असा युक्तिवाद ती इथे करू शकली असती. तो केला असता तर ती वाचली असती, पण सोफी पुन्हा एकदा बाहेर राहिली असती.

या इतिहासाला एक पुरवणी आहे. छळ होणाऱ्या मनकवड्यांच्या कथा कॅम्पबेलनं आवडीनं छापल्या. सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकानं मात्र लिहून ठेवलं आहे, की १९६७ मध्ये त्याची 'नोव्हा' ही कादंबरी कॅम्पबेलनं परत केली, कारण कृष्णवर्णीय नायक वाचकांना आपलासा वाटणार नाही असं त्याचं मत होतं. टकला मनकवडा चालत होता, काळा माणूस नाही. २०१६ मध्ये सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळवणाऱ्या जेमिसिन पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका ठरल्या, आणि २०१९ मध्ये नवोदितांच्या पुरस्काराला असलेलं कॅम्पबेलचं नाव काढण्यात आलं.

काल्पनिक बहिष्कृतासाठी डोळ्यांत पाणी येणं सोपं असतं. त्याला आपल्या शेजारी घर भाड्यानं द्यायचं नसतं. म्हणून या कादंबऱ्या वाचाल तेव्हा नायकाबरोबर यानात बसण्याआधी मागे कोण राहिलं ते जरूर बघा.