जकातनाक्याचे खांब

पिरानेसी म्हटलं की लोकांना त्याच्या चित्रांतले काल्पनिक तुरुंग आठवतात. मला त्याचा जकातनाका आवडतो.

रोममध्ये पियाझ्झा दि पिएत्रा नावाचा बेताचा चौक आहे. तिथे सम्राट हेड्रियनच्या देवळाचे अकरा खांब उभे आहेत. देऊळ इ.स. १४५ मधलं. सतराव्या शतकाच्या अखेरीला पोपच्या राजवटीनं ते खांब भिंतीत घेतले आणि खुष्कीनं येणाऱ्या मालाचं जकातघर थाटलं. आल्प्स ओलांडून प्राचीन रोम बघायला आलेल्या परदेश्यांच्या पेट्याही इथेच उघडल्या जात. पिरानेसीनं आपल्या चित्रात हे काहीही लपवलं नाही. झिजलेले प्रचंड खांब, त्यांच्यामध्ये घुसलेल्या खिडक्या, खाली मुंग्यांएवढी माणसं.

जोवान्नी बात्तिस्ता पिरानेसीचा जन्म १७२० चा, व्हेनिसकडचा. बाप पाथरवट, मामा पाण्याच्या बांधकामांचा जाणकार. १७४० मध्ये रोमला आला आणि जुझेप्पे वाझीकडे एचिंग शिकला. सही मात्र आयुष्यभर 'व्हेनिसचा वास्तुकार' अशी. प्रत्यक्षात बांधकाम म्हणावं असं अॅव्हेंटाइन टेकडीवरचं एक चर्च. पोट भरलं ते रोमच्या देखाव्यांच्या १३५ तांब्याच्या पत्र्यांनी.

मी वर्षानुवर्षं मुलांना एचिंग शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी काळ्या रंगावर जाते. पत्र्यावर मेणा-राळेचा थर द्यायचा, सुईनं तो खरवडून रेघ काढायची, मग पत्रा आम्लात. उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं. आकाशाच्या, लांबच्या घरांच्या रेघा थोड्या वेळात पुरेशा होतात; त्या वार्निशानं बंद करून पत्रा परत बुडवायचा. जवळच्या खांबाची सावली शेवटपर्यंत खात राहते. ही खेप पिरानेसी किती वेळा करायचा ते त्याचे ठसे बघूनच कळतं. त्या सावलीवरून बोट फिरवलं तर शाईचा उंचवटा लागतो. (संग्रहालयात फिरवू नका, हाकलतात.)

अतिशयोक्ती तो बेधडक करायचा. नजर जमिनीलगत, माणसं बुटकी, इमारत आभाळाला. ग्योथे रोमला पोचला तेव्हा कॅराकॅलाची स्नानगृहं त्याला या चित्रांपुढे उणी वाटली, आणि तसं त्यानं लिहूनही ठेवलं.

पण मापं फुगवणाऱ्या या माणसानं चौकात जे होतं ते मात्र पुसलं नाही, आणि म्हणूनच मला तो पुराणवस्तूंपेक्षा अठराव्या शतकाचा साक्षीदार वाटतो. त्याच्या पँथिऑनवर दोन घंटामनोरे आहेत. रोमकर त्यांची गाढवाचे कान म्हणून टवाळी करत. ते १८८३ मध्ये पाडले. त्याचं फोरम हे गुरांचं कुरण आहे, सेव्हेरसची कमान निम्मी मातीत. पुढे एकोणिसाव्या शतकात माती उपसली गेली. जकातघराच्या जागी शेअरबाजार आला.

१७७८ मध्ये पिरानेसी गेला. मुलांनी पत्रे पॅरिसला नेले, नंतर पोपनं ते विकत घेऊन रोमला परत आणले. तोवर त्यांवरून छपाई चालूच होती. उशिराचे ठसे अधिक काळे, भडक दिसतात आणि नवख्या खरेदीदाराला तेच भारी वाटतात. त्यानं आधी आकाश बघावं: सुरुवातीच्या ठशांत ते चंदेरी, बारीक रेघांचं असतं.