वांकविणाऱ्या तापाचा प्रवास

पूर्व आफ्रिकेंत, तेव्हांच्या टांगानिकाच्या दक्षिणेस, मकोंदे नांवाचें पठार आहे. तेथें पाण्याचें दुर्भिक्ष. दुरून आणलेलें पाणी घरांतल्या भांड्यांत सांठवावें लागे, आणि त्याच सांठ्यांत डांस वाढत. १९५२ सालीं या पठारावर तापाची साथ आली. प्रथम तो डेंग्यूच वाटला. पण रोग्यांचे सांधे असे धरत, कीं त्यांस ताठ उभें राहवेना. मकोंदे भाषेंत त्यास ‘चिकुनगुन्या’, म्हणजे वांकवून टाकणारा, असें नांव पडलें. वैद्यकांतल्या लांबलचक नांवांपेक्षां तें खासच बोलकें आहे.

हा ताप पसरविणारा ईडिस डांस कांहीं थोर प्रवासी नव्हे. जन्मस्थानापासून कांहींशें पावलांपलीकडे तो सहसा जात नाहीं. दूरचा प्रवास होतो तो रोगी माणसाच्या रक्तांतून. नव्या गांवांतला डांस त्यास चावला, कीं तेथें रोगाचें बस्तान बसतें. १९६३ सालीं कलकत्ता, १९६५ सालीं मद्रास, १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी, अशा साथी झाल्या. नंतर भारतांत तीस वर्षें मोठी साथ नव्हती. रोग गेला असें वाटलें. वास्तविक या अवधींत, ज्यांस हा ताप कधींच शिवला नव्हता, अशी एक संबंध पिढी वाढत होती.

२००४ सालीं केनियाच्या लामू बेटावर ताप पुनः उद्भवला. २००५-०६ सालीं रेयुनियन बेटावर सुमारें एकतृतीयांश लोक आजारी पडले. येथें मुख्य वाहक निराळा, ईडिसाचाच भाऊबंद असलेला पट्टेरी ‘वाघ डांस’. विषाणूच्या कवचांतील एका प्रथिनाचा अवघा एक घटक पालटला, आणि हा डांस त्याचा उत्तम वाहक बनला. २००६ सालीं भारतांत सुमारें चौदा लाख संशयित रोगी नोंदले गेले. महाराष्ट्रहि त्यांतून सुटला नाहीं.

वाघ डांस जुन्या टायरांतल्या पाण्यांतून १९९० सालींच इटलींत पोंचला होता. २००७ सालीं केरळहून तेथें एक पाहुणा तापासह गेला, आणि एका खेड्याच्या परिसरांत दोनशेंवर माणसें आजारी पडलीं.

हा ताप क्वचितच प्राण घेतो. म्हणून त्याची गणना किरकोळांत होत आली. पण महिनोन्‌महिने ज्याची मूठ वळत नाहीं, त्या मजुराची रोजी तेवढे दिवस बुडते.