दूधसागरच्या वाटेचा इतिहास

पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री बेळगावच्या स्थानकावर पाठीवर पिशव्या अडकवलेल्या तरुणांचे घोळके वर्षानुवर्षे दिसत आले आहेत. कोठे निघालात, असे विचारले की मराठी मुलगा ‘दूधसागर’ म्हणायचा आणि त्याचा कन्नड मित्रही ‘दूधसागर’च म्हणायचा. आपल्या भागात दोन्ही भाषांत एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागा थोड्याच, त्यांतली ही एक. पण ज्या वाटेने ही मुले जातात ती वाट सहलीसाठी मुळीच तयार झालेली नव्हती. तिची हकीकत आपल्या घराघरांत माहीत असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

धबधब्याच्या नावाची दंतकथा सर्वांना ठाऊक आहेच. स्नानाला आलेल्या राजकन्येकडे कोणी परका पाहतो आहे असे कळताच सख्यांनी घागरीतले दूध कड्यावरून ओतून आडपडदा केला, असे सांगतात. इतिहास मात्र दुधाऐवजी मिठापासून आणि कापसापासून सुरू होतो. रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे बैलांचे तांडे कोकणातले मीठ व खोबरे घाटावर आणत आणि घाटावरचे धान्य खाली नेत. पावसाळ्यात घाट जवळजवळ बंदच पडत.

१८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. धान्य वेळेवर पोचवायला रेल्वे हवी, हे सरकारला तेव्हा पटले आणि त्यातूनच १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली. धारवाड-हुबळीकडच्या कापसालाही जवळचे बंदर हवे होते, आणि असे बंदर म्हणजे मुरगाव. पण ते पोर्तुगिजांच्या हाती. १८७८ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्यात मुरगाव बंदर व रेल्वे यांची तरतूद होती. त्याच तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचे नियंत्रणही आले. १८९२ मध्ये तह संपला, परंतु रेल्वे राहिली. लंडनमध्ये स्थापन झालेल्या कंपनीने बांधलेला हा मार्ग १८८८ मध्ये कॅसलरॉकला येऊन ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाला.

कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या चढणीला पोर्तुगालच्या राजघराण्याचे ब्रागांझा हे नाव मिळाले. दर ३७ फुटांमागे १ फूट अशी ही चढण आहे. आजही मालगाडीला मागून ढकलणारी इंजिने लावावी लागतात. हजारो मजुरांनी सुरुंग लावून खडक फोडला, बोगदे खोदले. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. सुमारे ३१० मीटर उंचीच्या धबधब्यासमोरून जाणारा पूल म्हणजे त्यांच्याच श्रमांचे फळ होय. आपण तेथे उभे राहून छायाचित्र काढतो, तेव्हा ही गोष्ट कोणाच्या मनातही येत नाही.

कॅसलरॉक हे पुढे सीमेवरचे नाके झाले. जकातीची तपासणी तेथेच होई. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवीसह सीमेवर ठिकठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, या घाटातली रेल्वे वाहतूकही थांबली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावरच हा मार्ग पुन्हा जोडला गेला. सोयरीक गोव्यात असलेल्या आपल्याकडील कुटुंबांना मधल्या सहा वर्षांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१९६९ मध्ये मोल्याच्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्यालाच पुढे भगवान महावीर अभयारण्य हे नाव आले. सुमारे २४० चौरस किलोमीटरच्या या रानातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. घाटावर दांडेली-अणशीचे व्याघ्र प्रकल्प क्षेत्र, खानापूरच्या बाजूला २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य. गवा, बिबट्या, शेकरू, धनेश यांना आपण कोणत्या राज्यात आहोत हे माहीत नसते. पाण्यालाही नाही. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस दूधसागर होऊन खाली येतो, खांडेपार नदीला मिळतो आणि ओपाच्या जलप्रकल्पातून पणजीकरांच्या घरी पोचतो.

१९९० च्या दशकात मार्ग रुंदमापी झाला. २०१३ मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ चित्रपटात धबधबा झळकला आणि गर्दी वाढली. दुहेरी मार्गासाठी जंगल तोडण्याच्या योजनेला गोव्यातील तरुणांनी २०२० पासून मोठा विरोध केला; मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठीची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

येथे एक कबुली द्यायची आहे. नवा शिक्षक असताना मीही नववीच्या मुलांना कॅसलरॉकला उतरवून रुळांवरून चालत दूधसागरला नेले होते. त्या काळी सगळेच जात, आम्हीही गेलो. एका बोगद्यात असताना मागून मालगाडी आली. मुलांना भिंतीला चिकटून उभे केले. गाडी निघून जाईपर्यंत कानांवर दुसरे काही येत नव्हते. बाहेर आल्यावर मी मुले मोजली. एक कमी भरला. पुन्हा मोजली तेव्हा आकडा जुळला, पण पाय थरथरायचे थांबले नाहीत. पालकांना मी ही गोष्ट सांगितली नाही. त्या न सांगण्याची लाज आजही वाटते.

रुळांवरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये रेल्वेने पर्यटकांना तसे बजावले, काहींना जागच्या जागी उठाबशाही काढायला लावल्या. तरुण मंडळी रागावली. ‘आमच्या निसर्गावर बंदी का?’ असा प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारला. मी त्याला त्या बोगद्याची गोष्ट सांगितली. आणि हेही सांगितले, की हा रस्ता गाड्यांसाठी बांधला, तो बांधताना माणसे राबली आणि दोन्ही बाजूंना जनावरांचे घर आहे. आपण तेथे पाहुणे.

आता आम्ही पावसाळा सरल्यावर कुळ्याहून, वनखात्याच्या परवानगीने जातो. पावसाळ्यातला दूधसागर मात्र गाडीच्या खिडकीतूनच पाहायचा. क्षणभर दिसतो, पण पुरतो. निघण्याच्या आदल्या दिवशी वर्गात नकाशा लावून मीठ, कापूस, तह, बोगदे हे सारे सांगतो. गेल्या खेपेला परतताना एका मुलीने स्वतःहून पिशवी काढली आणि वाटेतल्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करू लागली. कारण विचारले तर म्हणाली, “सर, माझी आत्या पणजीला असते. हेच पाणी ती पिते ना?”