बुडालेला मोसम

संप म्हटलं की आपल्याला मुंबईच्या गिरण्या आठवतात. बंद पडलेले भोंगे, थंड चुली. मग लाखो डॉलर मिळवणारे बेसबॉलपटू संपावर गेले, हे ऐकून हसूच येतं. १९९४ मध्ये खुद्द अमेरिकेतही पुष्कळांना हे पैसेवाल्यांचं भांडण वाटलं होतं.

पण भांडण होतं कशावरून? संघमालकांना खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा घालायची होती. खेळाडूंच्या संघटनेला ती नको होती. खेळाडूंचा पगार मोसम चालू असताना मिळतो. मालकांची मोठी कमाई मोसमाच्या शेवटी, टीव्हीवरच्या निर्णायक सामन्यांतून. म्हणून संघटनेनं वेळ साधली. १२ ऑगस्टला खेळ थांबला. महिनाभर नुसतीच बोलणी. १४ सप्टेंबरला उरलेला मोसम रद्द झाला, आणि त्याबरोबर 'वर्ल्ड सिरीज' ही अंतिम मालिकाही. दोन महायुद्धांतही न चुकलेली ही मालिका १९०४ नंतर पहिल्यांदाच चुकली.

पुढे मालकांनी पगार ठरवण्याचे जुने नियम परस्पर मोडीत काढले. प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. समोर न्यायाधीश होत्या सोनिया सोतोमायोर, वय चाळीस. लहानपणी वडील गेले, आईनं नर्सची नोकरी करून वाढवलं. ३१ मार्च १९९५ ला त्यांनी आदेश दिला, की वाटाघाटी चालू असेपर्यंत जुनेच नियम चालतील. २३२ दिवसांचा संप मिटला. याच बाई २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

मला हा निकाल पटतो. भिशी चालू असताना एकीनंच नियम बदलले, तर आपण ऐकून घेऊ का? मग भिशी शंभराची असो की लाखाची.

तरी न्याय मिळाला म्हणून गेलेले दिवस थोडेच परत येतात! स्टेडियमात खाऊ विकणाऱ्यांची, झाडलोट करणाऱ्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. आणि कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा एक्स्पोज संघ? ७४ विजय, ४० पराभव. त्या मोसमात सगळ्यांच्या पुढे. संप मिटताच खर्च परवडेना म्हणून त्याचे चांगले चांगले खेळाडू सोडून दिले गेले. हळूहळू प्रेक्षक आटले. २००४ च्या मोसमानंतर संघच वॉशिंग्टनला गेला.

खेळाडूंना त्यांचे नियम मिळाले, मालकांना त्यांचा धंदा. मॉन्ट्रियलच्या माणसांना मात्र कुणी काही भरून दिलं नाही. त्यांना बोलणीला बोलावलंच कुणी होतं?