बर्फाचे दप्तर आणि १७९१ चा दुष्काळ

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून अस्सल कागद आणि बखर यांतला भेद हा आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासाचा पहिला धडा ठरला. घटनेच्या वेळीच लिहिलेला, पुढच्या पिढ्यांवर छाप पाडण्याचा हेतू नसलेला कागद तो अस्सल. या कसोटीला पूर्णपणे उतरणारे एक साधन तिबेटात आहे. ते कागदाचे नाही, बर्फाचे आहे. आणि ज्या वर्षांत दख्खन अवर्षणाने होरपळली, त्याच वर्षांची ठळक खूण त्यात सापडते. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे वळावे असे आम्हांला वाटते, कारण तेथे उभे राहणारे प्रश्न पाठचिकित्सेचेच आहेत.

शिशापांग्मा हे ८०२७ मीटर उंचीचे शिखर नेपाळच्या सीमेलगत तिबेटात आहे. त्याच्या अंगावरील दासुओपू या हिमनदीवर १९९७ साली लॉनी थॉम्प्सन या अमेरिकी संशोधकाच्या नेतृत्वाखाली अमेरिकी व चिनी शास्त्रज्ञांचा चमू गेला. सुमारे ७००० ते ७२०० मीटर उंचीवर त्यांनी बर्फात उभी छिद्रे घेतली. त्यांतून बर्फाचे लांबट दंडगोल, म्हणजे हिमगाभे, तुकड्यातुकड्यांनी वर काढले. सर्वांत लांब गाभा दीडशे मीटरांहून अधिक भरला. जगात इतक्या उंचीवरून तोवर कोणी गाभा काढला नव्हता. ते तुकडे न वितळता याकांच्या पाठीवरून, मालमोटारींतून आणि विमानांतून ओहायो राज्यातील शीतगृहापर्यंत पोचवावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या वाड्यांतून दप्तरे गोळा करणाऱ्यांची पायपीट आठवल्यावाचून राहत नाही.

छिद्र कोठे घ्यावे हा प्रश्न मात्र वाड्याइतका सोपा नाही. हिमनदी वाहते, आणि वाहताना तिचे थर ताणले जातात, दुमडतात, घासले जातात. थर जागच्या जागी एकावर एक बसले असतील अशी सपाट खिंड वा माथा हवा, आणि खाली बर्फ किती जाड आहे हेही ठाऊक हवे. येथे रडार उपयोगी पडते. ध्रुवप्रदेशांवर उडणाऱ्या विमानांचे रेडिओ उंचीमापक चुकीचे आकडे दाखवीत, कारण त्यांच्या लहरी बर्फाच्या पृष्ठावर न थांबता आत शिरत. ज्याला यंत्राचा दोष समजले जात होते तेच पुढे साधन झाले. केंब्रिजच्या स्टॅन्ले इव्हान्स यांनी १९६३ च्या सुमारास खास या कामासाठी यंत्र बनविले. लहर बर्फातून एका मायक्रोसेकंदात सुमारे १६८ मीटर जाते. तळच्या खडकावरून ती परत यायला लागलेला वेळ मोजला की जाडी मिळते. धूळ, ज्वालामुखीची आम्ले वा घनतेतील फरक यांमुळे मधल्या थरांवरूनही मंद प्रतिध्वनी येतात, आणि थर सलग आहेत की तुटले आहेत हे न खणता कळते. हिमाचल प्रदेशातील छोटा शिग्री हिमनदीवर २००९ साली अशाच रडारने मोजणी झाली, तेव्हा काही ठिकाणी बर्फ अडीचशे मीटरांहून जाड निघाले. रुमाल सोडण्यापूर्वी तो बाहेरून चाचपून पाहावा, तसेच हे.

आता वाचन. कोरड्या ऋतूत वारा धूळ आणतो, पावसाळ्यात माथ्यावर स्वच्छ हिम पडते; त्यामुळे गढूळ आणि निर्मळ अशा पट्ट्यांच्या जोडीने एकेक वर्ष मोजता येते. शिवाय पाण्यातील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण हवामानानुसार बदलते. कोपनहेगनच्या विली डान्सगार्ड यांनी १९५२ च्या जूनमध्ये घराच्या अंगणात बिअरच्या बाटलीवर नरसाळे ठेवून पावसाचे पाणी गोळा केले, तेथून या विचाराला सुरुवात झाली. जुन्या बर्फातून जुने हवामान वाचता येईल हे त्यांनी त्यानंतर दोनच वर्षांत सुचविले.

दासुओपूच्या गाभ्यात पाऊसमान घटल्याची खूण धूळ आणि क्लोराइड यांच्या वाढीने उमटते. मोसमी पाऊस फसला की जमीन उघडी पडते, वारा माती आणि क्षार उचलतो, आणि माथ्यावरच्या तुटपुंज्या हिमात ते अधिक दाटीने साचतात. थॉम्प्सन आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडलेला निष्कर्ष असा, की गेल्या हजार वर्षांत या गाभ्याने नोंदविलेले सर्वांत तीव्र अवर्षण १७९० ते १७९६ या काळातले आहे.

ही वर्षे मराठी वाचकाला अनोळखी नाहीत. १७९१-९२ चा दुष्काळ निजामाचे राज्य, दक्षिण मराठा मुलूख, गुजरात आणि मारवाड येथे पसरला होता. इंग्रजी नोंदींत तो 'डोजी बरा' या रूपात आढळतो. त्यातला 'बर' हा दुष्काळवाचक शब्द कानडी आहे. प्रेतांची विल्हेवाट लावायला माणसे उरली नाहीत आणि कवट्या उघड्यावर पडल्या, म्हणून हे 'कवटीच्या दुष्काळा'चे नाव, अशी त्याची उपपत्ती सांगतात. त्याच सुमारास आंध्र किनाऱ्यावर समालकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग हा वनस्पतिशास्त्रज्ञ पावसाच्या नोंदी ठेवीत होता, आणि त्यांतही हा तुटवडा दिसतो. त्याच वर्षांत टिपूविरुद्धचे युद्ध चालू होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला होता. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसला श्रीरंगपट्टणहून मागे फिरावे लागले, ते दाणा संपल्यामुळे आणि बैल मेल्यामुळे. ते बैल मोहिमेने मेले की चाऱ्यावाचून, हे बर्फ सांगणार नाही. पण त्या मोहिमेची पत्रे वाचताना रसदेच्या वाक्यांवरून पूर्वीइतक्या घाईने पुढे जाऊ नये, एवढे तरी ते सांगते.

अस्सल असले म्हणून साधन निर्दोष ठरत नाही. पश्चिम तिबेटातील गुलिया येथे १९९२ साली काढलेल्या ३०८ मीटरांच्या गाभ्याचा तळ पाच लाखांहून अधिक वर्षे जुना मानला गेला होता. २०१९ साली क्रिप्टॉन-८१ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या कसोटीने तेथील तळच्या बर्फाचे वय काही दशसहस्र वर्षांच्याच आत आले. एखाद्या ताम्रपटाचा शक चुकीचा निघावा तसा हा प्रकार. समस्थानिकांच्या अर्थाबद्दलही मतभेद आहेत: मोसमी पट्ट्यात ते तापमान दाखवितात की पावसाचे मान, यावर अजून वाद होतो. आणि खोल जावे तसे वरच्या भाराने थर इतके पातळ होतात की दासुओपूत एकेक वर्ष वेगळे मोजणे साधारण पंधराव्या शतकापर्यंतच शक्य होते. परंपरेने १३९६ ते १४०७ मध्ये ठेवलेला दुर्गादेवीचा दुष्काळ त्या रेषेच्या किंचित खाली राहतो. तो खरोखर सलग बारा वर्षे होता का, या प्रश्नाचे वर्षवार उत्तर देण्यास हा गाभाही असमर्थ आहे.

आमच्या मते याहून मोठी मर्यादा वेगळीच आहे. बर्फ अवर्षण नोंदवते, दुष्काळ नोंदवीत नाही. मराठीत हे दोन शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो, पण येथे तसे करून भागणार नाही. १८७६-७७ मध्येही पाऊस फसला. दासुओपूच्या गाभ्यात ती वर्षे १७९० च्या दशकाएवढी भारी नाहीत. तरी त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. धान्य परदेशी जातच होते. सरकारी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि एक आणा एवढी मजुरी रिचर्ड टेंपल यांनी ठरवून दिली होती. हे कळते ते पुणे सार्वजनिक सभेच्या अहवालांतून. धनकवडीला सत्यशोधक समाजाने अनाथ मुलांना जेवू घातले हे कळते ते जोतीराव फुल्यांच्या पत्रकातून. धुळीच्या आलेखावरून मृत्यूंचा आकडा काढू पाहणारे लेखन अधूनमधून वाचनात येते. त्यात टेंपल यांची मजुरी आपोआप निसर्गाच्या खात्यावर जमा होते, आणि हे आम्हांला मान्य नाही.

उलट जपून ठेवलेला गाभा नव्या प्रश्नाला नवे उत्तरही देतो. त्याच दासुओपूच्या बर्फात, काढल्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, कॅडमियमसारख्या धातूंचा शोध घेतला गेला. १७८० च्या सुमारापासून त्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. युरोपातील औद्योगिक क्रांतीतला कोळशाचा धूर हे त्याचे एक कारण असावे, असे २०२० साली प्रसिद्ध झालेला निबंध सांगतो. म्हणजे कवटीच्या दुष्काळाच्या धुळीआधीच गिरण्यांची काजळी तेथे पोचली होती.

ही संधी प्रत्येक हिमनदीबाबत उरलेली नाही. मानसरोवराच्या दक्षिणेला गुर्ला मांधाता पर्वत आहे. त्यावरील नैमोनानी हिमनदीतून २००६ साली, ६०५० मीटर उंचीवर, गाभा काढण्यात आला. १९५० च्या दशकातील आणि १९६२-६३ मधील अण्वस्त्रचाचण्यांचा किरणोत्सारी अवशेष जगभरच्या हिमगाभ्यांत तारखेच्या शिक्क्यासारखा सापडतो. नैमोनानीच्या गाभ्यात तो कोठेच नव्हता. निदान १९५० पासून तेथे बर्फाची निव्वळ भर पडलेली नाही, असा निष्कर्ष २००८ साली मांडला गेला. इतर दप्तरांत कसर लागते ती बहुधा सर्वांत जुन्या कागदांना. येथे वरची, अलीकडची पाने आधी गेली. त्या चमूच्या हाती लागलेले सर्वांत वरचे पान आपल्या स्वातंत्र्याच्या आसपासचे किंवा त्याआधीचे होते, आणि आता वितळते आहे ते त्याखालचे.